मथुराबाईचं सुतक

मथुराबाई वारली शनिवारी दुपारी साडेतीनला, आणि तिला मारलं ते तिनंच. वर दुसऱ्या दिवशी तिच्याच दारात तिच्याच नावानं रडायला माणसं आली, तेव्हा पाहुण्यांचा चहा गाळत ती आत ओट्याशी उभी होती. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. पोटच्या पोरीची सोयरीक मोडायची वेळ आली होती.

भवानी पेठेत मथुराबाईचा कडक भाकरीचा धंदा. पुढच्या खोलीत चार चुली, चार तवे, चार बाया, पहाटे पाचपासून दुपारी तीनपर्यंत. पत्ता छापलेल्या पाकिटांतून भाकरी पार्सलनं सांगली, नगर, नागपूरपर्यंत जायची. बाई दुसरीतून शाळा सोडलेली, पण ज्वारीचं पोतं बघून भाकरी किती होणार ते सांगायची, आणि दहा कमी भरल्या तर कुणाच्या परातीत घोळ झाला तेही सांगायची. तिच्या पुढ्यात बोलायची सोय नव्हती. तिचे मालकसुद्धा काही मागायचं झालं तर आधी खाकरायचे.

सून वैजयंती त्या चौघींतली पहिली. भाकरी कागदासारखी पातळ, कडेला चीर नाही. पहाटे हाक मारायला लागत नव्हती, उलट उत्तर नव्हतं. नाव ठेवायला जागा नसलेली सून सांभाळणं किती अवघड, ते ज्यांना सून आहे त्यांनाच कळेल. मथुराबाईला तिच्यात एकच खोट सापडली होती. तीन वाजले की वैजयंती हात धुऊन फोन घ्यायची आणि मागच्या खोलीत जाऊन बसायची. फोनमध्ये किल्ल्यांचा खेळ होता. ह्या बाजूला चाळीस माणसं, त्या बाजूला चाळीस. गावोगावची, एकमेकांचं तोंड न बघितलेली. कुणी दार राखायचं, कुणी चाल करून जायचं, हे आधी ठरवायचं आणि मग तासभर लढायचं. आणि ह्या बाजूच्या चाळिसांची मुख्य होती वैजयंती. आमटीत मीठ किती घालू म्हणून सासूला विचारणारी पोर तिथं बाप्या माणसांना हुकूम सोडायची. "कुमारदादा, तुमी गेटवरच थांबा. आणि बसू, तू मी सांगितल्याबिगर निघू नको." ते सगळे 'हो ताई' म्हणायचे. मथुराबाईच्या कानावर ते पडलं की तिला तवा हाताला लागल्यासारखं व्हायचं. एका घरात हुकूम देणारी एकच असते, आणि ती फोनमध्ये नसते.

धाकट्या लेकीचं, रेश्माचं, लग्न जमेना, हे घरातलं मोठं दुखणं. तीन स्थळं आली आणि चहा पिऊन गेली. चौथं केमचं आलं. पोरगा शिवराज शेतीशाळेत शिकून आलेला, बाप महेश्वर शांत माणूस, पण घर चालायचं ते आईच्या शब्दावर. मुक्ताबाई. सोवळं-ओवळं, सण-सुतक, सगळ्यात काटेकोर. तिनं पोरगी बघितली, उभी केली, चालवली, आणि म्हणाली, "रविवारी सुपारी फोडू. बारा वीसचा मुहूर्त."

त्याच रविवारी बारा वाजता वैजयंतीच्या टीमची शेवटची लढाई होती. तीन महिने लढून ते तिथवर पोचले होते. वैजयंती शुक्रवारी सासूपुढं येऊन उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं.

"आत्याबाई, रविवारी मला बारा ते एक एवढा तास पाहिजे."

"कशाला?"

"खेळ हाय. स्वयंपाक मी अकराच्या आत उरकते. मुहूर्ताला पाच मिनिटं येऊन बसते, परत आत जाते. कुणाला कळणार न्हाय."

"नणंदेची सुपारी सोडून खेळायला बसणार तू."

"सोडून न्हाय. दोन्ही करते म्हणतीय. चाळीस माणसं माझ्या भरवशावर हायती. एक जण कमी पडला तर टीमच बाद करत्यात."

"मग चाळीस जणांच्या घरी नांदायला जा की," मथुराबाई म्हणाली. विषय संपला, असं तिला वाटलं.

शनिवारी तीननंतर वैजयंती गिरणीतून दळण आणायला गेली आणि फोन मागच्या खोलीत खिडकीत राहिला, खेळ तसाच चालू. त्यातून माणसं बोलत होती. "ताई, उद्याचं पक्कं ना? बाराच्या आत सगळ्यांची हजेरी लागली पाहिजे." कुणी उत्तर देईना म्हणून तोच माणूस परत परत विचारत होता. मथुराबाईनं शेवटी फोन उचलला.

"ती न्हाय हितं. आणि उद्या तिला जमायचं न्हाय."

"का हो काकू, काय झालं?"

"घरात काम हाय."

"काकू, एकच तास. त्या नसल्या तर आमचं काही खरं नाही." मग दुसरा बोलला, मग एक बाई बोलली, सगळी गोड, सगळी चिकट. कामाचं सांगून ही माणसं ऐकायची नाहीत, हे मथुराबाईनं ओळखलं. काय सांगितलं की माणूस पुढं एक शब्द विचारत नाही? तिला एकच गोष्ट ठाऊक होती. सुतक. सुतक म्हटलं की वाण्यापासून भटजीपर्यंत सगळे तेरा दिवस तोंड मिटतात.

"तिची सासू वारली," मथुराबाई म्हणाली.

फोन एकदम गप झाला. इतका गप, की तिनं तो बंद पडला का म्हणून उलटा करून बघितला.

"कधी?" कुणीतरी हळूच विचारलं.

"आज. सकाळी."

"तुम्ही कोण बोलताय?"

"मी शेजारीण," असं म्हणून तिनं फोन बंद केला, आपल्या लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. आपलं मरण आपल्या तोंडानं बोललं तर जरा चुटपुट लागतेच. पण मेल्याची आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, असं तिची आई म्हणायची. तेवढ्यावर तिनं समाधान मानलं. सुतकाची एक बाजू तिनं नीट वापरली होती. दुसरी बाजू तिच्या डोक्यातच आली नाही. आणि ही बाई मंद्रूपसारख्या गावात वाढलेली, शंभर मयतीच्या घरी जाऊन आलेली.

वैजयंती परत आली. "फोन कुटं गेला?"

"माझ्या कपाटात. सुपारी फुटली की मिळंल. तुझ्या माणसांना सांगितलंय मी."

"काय सांगितलं?"

"जमणार न्हाय म्हणून."

"मग काय म्हणाले?"

"काय म्हणतील? गप बसले."

वैजयंतीनं पिठाचा डबा जागेवर ठेवला. डोळे भरले होते, पण सांडले नाहीत. "तुमी सांगितलं म्हंजे झालं," ती म्हणाली, आणि शेंगा भाजायला गेली. त्या 'म्हंजे झालं'मध्ये टोमणा आहे का, म्हणून मथुराबाईनं दोनदा कान टवकारले. नव्हता. सासू खोटं बोलेल असं त्या पोरीला वाटलंच नव्हतं.

रविवारी केमची मंडळी सकाळच्या गाडीनं आली, अकराच्या आधी घरात. दाराला आंब्याची पानं, पुढं रांगोळी, चुली झाकून वर सतरंजी घातलेली. रेश्मा आत नटून बसली. मालक आणि थोरला अभिमन्यू, वैजयंतीचा नवरा, पुरुषांत बसले, मुक्ताबाई भिंतीला टेकून मधोमध. चिवडा झाला, चहा चालला होता. वैजयंती जरीचं लुगडं नेसून बशा फिरवत होती. मथुराबाई आत दुसरा चहा गाळत होती आणि विहिणीला कुंकू लावताना आपण काय बोलायचं ते मनात जुळवत होती.

दारात जीप थांबली. तिघं उतरले. एक पांढऱ्या टोपीचे म्हातारे, एक चाळिशीचा गडी, हातात फडक्यात बांधलेला डबा, आणि एक बाई, पांढरट लुगड्यातली, हातात एकेकच बांगडी. चपला त्यांनी लांबच काढल्या. तोरण बघून म्हातारे घुटमळले, पण बाई पुढं झाली होती. बशा घेतलेली वैजयंती आतून 'कोण पाहिजे?' म्हणाली, आणि त्या आवाजासरशी तिनं सरळ तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.

"ताई गं, कसं गं झालं असं. शेवटचं तोंड तरी दिसलं का गं तुला."

बशा खाली पडल्या. महेश्वरांच्या हातातला कप ओठांपाशीच राहिला. केमच्या बायकांपैकी एकीनं सवयीनं पदर डोळ्याला लावलाही, आणि मग कुणासाठी ते न कळून काढला.

"कोण तुमी?" वैजयंतीनं तिला धरून विचारलं.

"मी धनलक्ष्मी. आवाज ओळखला न्हाय व्हय? पूर्वेचा बुरूज बघते की मी." तिनं नाक पुसलं. "हा बसू, अक्कलकोटचा. आणि हे गुरुजी. पत्ता तुमच्या भाकरीच्या पाकिटावर हुता."

बसूनं डबा पुढं केला. "सुतकाच्या घरी चूल पेटत न्हाय म्हणून पिठलं-भाकरी आणलीय, ताई. तुमच्यासारखी भाकरी आमच्या घरात कुणाला जमत न्हाय, गोड मानून घ्या."

"कुणाचं सुतक?" मुक्ताबाईनं विचारलं. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"ताईंच्या सासूबाईंचं. काल सकाळी वारल्या."

हे सगळं मथुराबाई आतून ऐकत होती. चहाचं भांडं हातात, गाळणीतून चहा ओट्यावर सांडतोय, आणि तिला ते दिसतही नव्हतं. सुतकाच्या घरी लोक भेटायला येतात. आयुष्यभर ती स्वतः गेली होती, डबा घेऊन, गळ्यात पडायला. ते ह्या माणसांना लागू असेल हे तिला कसं सुचलं नाही? फोनमधली माणसं म्हणजे नुसते आवाज, त्यांना पाय असतात आणि ती जीप करून येतात, हे तिच्या हिशेबातच नव्हतं. पण आत राहून भागणार नव्हतं. ती तशीच बाहेर आली.

टोपीवाले म्हातारे तिच्याकडं बघत राहिले. मग हात भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले.

"मथुरा?" ते म्हणाले. "मंद्रूपची मथुरा तू?"

मथुराबाईनं पदर डोक्यावर ओढला. हे महिपती गुरुजी होते. तिला दुसरीतून काढली तेव्हा हेच तिच्या बापाच्या दारात येऊन बसले होते, पोरीला शाळेत पाठव म्हणून, आणि बापानं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. चौऱ्याहत्तरीचा माणूस. आणि हा त्या खेळात, तिच्या सुनेचा हुकूम ऐकणारा?

"गुरुजी, तुमी पण खेळता?"

"सहा वर्षं झाली. बायको गेल्यावर घर खायला उठायचं," गुरुजी म्हणाले. "ते राहू दे. तू ताईची सासू?"

"व्हय."

"मग मेलंय कोण?"

धनलक्ष्मीनं वैजयंतीचा हात सोडला. तिच्या तोंडावरचं रडं पुसलं गेलं आणि तिथं दुसरंच काहीतरी आलं.

"ताई, काल रात्री चाळीस जणांनी बसून ठरवलं," ती म्हणाली. "लढायचं न्हाय. घरात मयत असताना खेळायचं न्हाय, हा नेम तुमीच घातलाय. आधी घर, मग किल्ला. नगरच्या दादांची बायको दवाखान्यात हुती तवा जिंकत आलेली लढाई तुमी सोडायला लावली. तीन महिने घातले आमी ह्या दिवसाला. तुमच्या सासूसाठी सोडून दिलं सगळं. आणि त्या हितं चहा गाळतायत."

चाळीस अनोळखी माणसांनी तिच्या मरणासाठी आपला सण मोडला होता. तिच्या सख्ख्या भावानं तिच्या आजारपणात एक दिवस रजा काढली नव्हती. आणि भाकरीची पार्सलं मागवणारी, सांगलीची, नगरची, नागपूरची, ज्यांचं नाव सांगून ती पेठेत मिरवायची की माझ्या हातची चव कुठवर पोचली, ती हीच माणसं होती. 'ताईच्या घरचं' म्हणून घेणारी.

"मग खोटं बोललं कोण?" मुक्ताबाई उठून उभी राहिली. "सुपारीच्या आदल्या दिवशी घरात मयत सांगायचं. असलं अभद्र तोंड कुणाचं, तेवढं कळू द्या आमाला."

वैजयंतीनं सासूकडं बघितलं. एकदाच. त्या नजरेत सगळं होतं, काल कपाटात काय बंद झालं तेही. मग ती मुक्ताबाईकडं वळली आणि म्हणाली, "माझं चुकलं. मीच तसं सांगायला लावलं."

मथुराबाईला वाटलं, आपण ऐकलं ते चुकीचं ऐकलं. गुरुजींनी मान खाली घातली. धनलक्ष्मी दोन पावलं मागं सरकली. ज्या चाळिसांसाठी ही पोर एक तास मागत होती, त्यांच्यापुढं ती एका वाक्यात खोटारडी झाली होती, ते पण नणंदेची सोयरीक वाचावी म्हणून.

"असली सून ठेवता घरात?" मुक्ताबाई मथुराबाईला म्हणाली.

मान हलवली की भागत होतं. सुनेला चार शिव्या घालायच्या, विहिणीचे पाय धरायचे, मुहूर्त गाठायचा. केमची मंडळी तेवढ्यावर बसली असती, ते दिसत होतं. आतल्या दारात रेश्मा उभी होती, शालूचा काठ मुठीत धरून. मालक नुसतेच खाकरले.

"ती न्हाय बोलली," मथुराबाई म्हणाली. "मी बोलले. तिचा फोन घेऊन मीच बोलले, सासू मेली म्हणून. तिला ठाऊक पण न्हाय. तिनं एक तास मागितला हुता, मला तो द्यायचा नव्हता."

"आई," अभिमन्यू म्हणाला. आईच्या तोंडून चूक कबूल झालेली त्यानं जन्मात ऐकली नव्हती.

महेश्वरांनी कप खाली ठेवला.

"सुनेला पुढं करून सुटला असता, तर मी आत्ता चपला घातल्या असत्या," मुक्ताबाई म्हणाली. "सुपारी फुटंल. पण मथुराबाई, मला कुंकू तुमच्या हातचं नको. तुमी तुमच्या तोंडानं सुतक लावून घेतलंय, ते आजच्या दिवस तुमच्यापाशी राहू द्या. विहिणीचा मान तुमची सून करील."

हे मथुराबाईला जितकं लागलं तितकं तिला आजवर काही लागलं नव्हतं. पण सोयरीक राहिली होती. ती "बरं" म्हणाली.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. "पावणेबारा. हजेरी बारापर्यंत लावता येतीय. ताई, बोलवू का सगळ्यांना?"

वैजयंतीनं मुक्ताबाईकडं बघितलं.

"मुहूर्ताला कुंकवाचा करंडा घेऊन समोर ये म्हंजे झालं," मुक्ताबाई खाली बसत म्हणाली. "तवर काय लढायचं ते लढ. आमी काय पळून चाललो न्हाय."

मथुराबाईनं कमरेची किल्ली काढून दिली.

मग त्या घरात जे झालं ते भवानी पेठेनं कधी बघितलं नसेल. गुरुजी दारापुढच्या ओट्यावर टोपी काढून फोनात डोकं घालून बसले. बसू जिन्यात, धनलक्ष्मी झाकलेल्या चुलीपाशी. केमच्या दोन बायका तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागल्या. मागच्या खोलीत वैजयंती जरीच्या लुगड्यात मांडी घालून, आणि तिच्या तोंडून एकामागून एक नावं, दारं, बुरूज. मथुराबाई दारात उभी राहून बघत होती. तिची सून तिला पहिल्यांदाच दिसत होती, आणि ती ओळखू येत नव्हती.

"सूनबाई, करंडा," बाहेरून मुक्ताबाईची हाक आली. बारा वीस झाले होते.

वैजयंती उठली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि फोन मथुराबाईच्या हातात ठेवला.

"दक्षिणेचं दार पडायला आलंय. तितल्या लोकांना एवढंच सांगत राहा, हलू नका. मी पाच मिनिटांत आले."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला नको. तुमचा आवाज पुरंल," वैजयंती म्हणाली आणि करंडा घेऊन बाहेर गेली.

मथुराबाई खाटेच्या कडेला बसली. काचेवर लाल-निळं काहीतरी मुंग्यांसारखं धावत होतं. त्यातून एक माणूस धापा टाकल्यासारखं बोलला, "ताई, मी कुमार. निघू का मागं? माझ्याकडं तिघंच उरलेत."

"हलायचं न्हाय," मथुराबाई म्हणाली.

"कोण बोलतंय?"

"कोण का असंना. तुला सांगितलं ना, हलू नको. तिघं काय कमी हायती व्हय? उभे राहा तितंच."

"हो, हो काकू," तो म्हणाला. मग आणखी दोघं बोलले, एक बाई बोलली, आणि मथुराबाईनं त्यांनाही दम भरला. लाल मुंग्या दाराशी येऊन धडकत होत्या. तिनं फोन दोन्ही हातांनी धरला. कुणाचं दार, कुणाचा किल्ला, तिला काही ठाऊक नव्हतं, पण ते पडलं तर आपल्या हातून पडणार, एवढं तिला कळत होतं.

बाहेर खलबत्त्यात सुपारी फुटल्याचा आवाज झाला. बायकांचा गलका उठला. रेश्मा हसल्यासारखं वाटलं.

"आई," अभिमन्यूनं हाक मारली, "ये की बाहेर. रेश्माची ओटी भरत्यात. कुंकू न्हाय लावायचं तर नुसती येऊन उभी तरी राहा."

"आले," मथुराबाई म्हणाली.

"काकू, आता दोघंच उरलो," फोनमधून कुमार म्हणाला. "जाऊ नका."

"आले म्हणते ना," तिनं बाहेर बघून परत सांगितलं, आणि खाटेवरून उठली नाही.